मोबाईलवरचा इंजिनिअरिंगचा तास : नव्या मास्तरांची वाट आणि घरच्यांचे काम

आज कोणतेही गाव घ्या, पाच-दहा घरे तरी अशी निघतील की ज्यांचा मुलगा नाहीतर मुलगी तंत्रनिकेतनात डिप्लोमाला किंवा इंजिनिअरिंगला आहे. फी भरण्यासाठी कुणी म्हैस विकलेली असते, कुणी सोसायटीच्या कर्जात आणखी थोडी भर घातलेली असते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा ही सगळी पोरे गावी आली आणि त्यांचे कॉलेज मोबाईलमध्ये शिरले. कुणी गच्चीवर, कुणी पाण्याच्या टाकीवर, कुणी बांधावरच्या आंब्याखाली रेंज शोधत बसले. तेव्हा पारावरचे जाणते एकच प्रश्न विचारीत, "मोबाईलवर पवायला शिकता येतं का रं?"

टाळेबंदी संपली, कॉलेजे उघडली. पण मोबाईलवरचा तास काही गेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय केंद्र सरकारच्या 'स्वयं' या व्यासपीठावरून शिकता येतात. शिवाय काही कॉलेजे पाहुण्या प्राध्यापकांचे तास, जादा तास, पावसात रस्ता बंद पडल्यावरचे तास असेच घेतात. म्हणजे आपल्या पोरांच्या शिक्षणाचा काही हिस्सा यापुढेही दुरूनच होणार. मग तो चांगला कसा व्हावा, हे घरच्यांनीही समजून घेतले पाहिजे. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण शेतकऱ्याला दुरून शिकवण्याचा उद्योग आम्ही विस्तार खात्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या करत आलो आहोत, आणि फीचा पैसाही शेतातूनच जातो.

नवा मास्तर कुठे अडतो

शाळेत शिकवायचे तर डी.एड. किंवा बी.एड. लागते. इंजिनिअरिंगच्या मास्तरला मात्र त्याच्या विषयातली मोठी पदवी असली की पुरते, शिकवायचे कसे याची वेगळी पदवी लागत नाही. काल एम.टेक. झालेला मुलगा आज तासिका तत्त्वावर लागतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याला साठ पोरांपुढे उभे करतात. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने नव्या शिक्षकांसाठी आठ घटकांचे प्रशिक्षण 'स्वयं'वर आणले, ते चांगलेच झाले. पण शिकवणे हे हाताने करून अंगी लागते, आणि तोपर्यंत पोरांचे एखादे सत्र निघून जाते.

अशा नव्या मास्तरांपैकी काहींशी माझे बोलणे होते. त्यातले काही आमच्याच भागातले, राहुरी, अकोला, परभणी, दापोली इथल्या कृषी अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेले. त्यांच्या बोलण्यात एक गोष्ट हटकून येते. वर्गात उभे राहिले की पोरांचे चेहरे दिसतात. कोण वहीत लिहितोय, कोण खिडकीबाहेर बघतोय, कुणाच्या कपाळाला आठी पडली, ते कळते. मोबाईलवर दिसतात नुसते काळे चौकोन आणि नावाचे पहिले अक्षर. मास्तर विचारतो, "समजलं का?" दोन पोरे "येस सर" लिहितात. बाकीची अठ्ठावन्न पोरे जागी आहेत की गोठ्यात धारा काढतायत, देव जाणे.

मग बिचारा घाबरून काय करतो, तर आणखी जास्त बोलतो. वर्गातला पन्नास मिनिटांचा तास जसाच्या तसा कॅमेऱ्यापुढे मांडतो. पडद्यावर लिहिलेले वाचून दाखवतो. त्यात फुकटातली सोय असली तर चाळीस मिनिटांनी वर्ग आपोआप बंद पडतो आणि सूत्राचा शेवट पुढच्या तासाला जातो. पोरे ऐकतात, पण हाताला काही लागत नाही.

आम्हाला कृषी पदविकेत विस्तार शिक्षण हा विषय असतो. त्यात प्रात्यक्षिकाचे दोन प्रकार शिकवतात. एक परिणाम प्रात्यक्षिक. शेजारच्या पट्ट्यात नवे वाण लावून दाखवायचे, शेतकरी बघून जातो. दुसरे पद्धत प्रात्यक्षिक. बीजप्रक्रिया कशी करायची ते दाखवायचे आणि लगेच शेतकऱ्याच्या हातात घमेले देऊन म्हणायचे, आता तुम्ही करा. नवा मास्तर दुरून शिकवताना नकळत पहिल्या प्रकारात अडकतो. जो दुसऱ्या प्रकाराकडे वळतो त्याची पोरे शिकतात. माझ्या पाहण्यात सगळा फरक इथेच पडतो, बाकीच्या गोष्टी याच्या मागून येतात.

साठ विहिरी, साठ उत्तरे

एका तरुण मास्तरने पंपाचा धडा कसा घेतला ते सांगतो. पुस्तकात पंपाचे चित्र असते, सूत्र असते, सोडवलेले उदाहरण असते. त्याने ते सगळे पंधरा मिनिटांत उरकले आणि पोरांना काम लावले. ज्याच्या घरी विहिरीवर मोटार आहे त्याने घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन २०० लिटरचा बॅरल पाइपाखाली ठेवायचा आणि तो किती सेकंदांत भरतो ते मोबाईलच्या घड्याळावर मोजायचे. विहिरीतल्या पाण्याच्या पातळीपासून पाणी जिथे पडते तिथपर्यंतची उंची दोरीने मोजायची. ज्याच्या घरी विहीर नाही त्याने शेजाऱ्याची धरायची.

समजा बॅरल ४० सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला ५ लिटर. उंची भरली ३० मीटर, आपल्या मापात साधारण शंभर फूट. पाच गुणिले तीस दीडशे, त्याला ७५ ने भागले की आले २ अश्वशक्ती. पाणी उचलण्याचे काम झाले दोन एचपीचे, आणि मोटारीच्या पत्र्यावर लिहिलेय पाच. मास्तरने प्रश्न टाकला, "वरचे तीन एचपी गेले कुठे?"

इथे खरा तास सुरू झाला. एकाने आजोबांना विचारले, ते म्हणाले फूट व्हॉल्व्ह गळतोय, रोज पंपात पाणी भरावे लागते. दुसऱ्याच्या विहिरीवर अडीच इंची पाइपाला मध्येच दोन इंचीचा तुकडा जोडलेला निघाला. तिसऱ्याने चार ठिकाणी काटकोनी एल्बो मोजले. पत्र्यावर पाच लिहिले म्हणून मोटार दरवेळी पाचच घेते असेही नाही, हे त्याच चर्चेत निघाले. साठ पोरांचे साठ आकडे आले आणि एकाचेही दुसऱ्याशी जुळेना. त्यामुळे उत्तर उतरवून काढायची सोयच उरली नाही. शिवाय घरचे शिकले ते वेगळेच. एका बापाने म्हणे दुसऱ्या दिवशी फूट व्हॉल्व्ह बदलला.

ठिबकचेही असेच. तासाला ४ लिटरचा ड्रीपर असेल तर तीन मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी पडले पाहिजे. लॅटरलच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा, असे तीन ड्रीपर धरायचे, खाली वाटी ठेवायची. मोजपात्र नसले तर किराणा दुकानातल्या काट्यावर वजन करायचे. एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. शेवटच्या ड्रीपरला दीडशेच भरले तर पंचवीस टक्के पाणी कमी पडतेय. मग दाब कमी आहे की फिल्टर तुंबलाय की क्षाराने छिद्र बुजलेय, याचा शोध पोराने शेतात घ्यायचा. प्रयोगशाळेत एवढ्या तऱ्हेचे नादुरुस्त संच कुठून आणणार?

ड्रॉइंगचा विषय पोरांना सगळ्यात जड जातो, कारण कागदावरची वस्तू मनात उभी करावी लागते. शंकू कापल्यावर कोणता आकार दिसतो हे पडद्यावर सांगून डोक्यात शिरत नाही. त्याला गाजर आणि सुरी पुरते. आडवे कापले की गोल, तिरके कापले की लंबगोल. चूल पेटायच्या वेळी तास असला तर आईची भाजीही चिरून होते.

आणि मास्तरच्या बाजूला? महागडा फळा लागत नाही. दोन डब्यांवर फ्रीजचा काचेचा ट्रे आडवा ठेवायचा, त्यावर मोबाईल उताणा, खाली वही. मास्तरचा हात लिहिताना दिसतो, गणित कसे पुढे सरकते ते दिसते. मास्तरचा चेहरा दिसला नाही तरी चालते, गणित करणारा हात दिसला पाहिजे.

डेटाचे गणित

आता रेंजचे बघू. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या ग्रामीण भागात संगणक असलेली कुटुंबे होती ४.४ टक्के आणि इंटरनेटची सोय असलेली १४.९ टक्के. त्यानंतर मोबाईल खूप वाढले, हे खरे. पण एका घरात एकच चांगला फोन आणि शिकणारी तीन पोरे ही गोष्ट अजूनही नवी नाही.

चित्रासह एक तास ऐकायचा तर साधारण अर्धा ते एक जीबी जातो. दिवसाचा कोटा दीड-दोन जीबी धरला आणि पाच तास असले तर दुपारीच दप्तर मिटायचे. उलट नुसता आवाज पाठवला तर तासाला ३० एमबीच्या आसपास भागते. म्हणून शहाणा मास्तर आकृत्या आदल्या दिवशी व्हॉट्सअॅपवर पाठवतो, पोरे त्या वहीत उतरवून घेतात, आणि तासाला फक्त बोलणे होते. "आता आकृती तीनवर बोट ठेवा," म्हटले की सगळ्यांची बोटे वहीवर. आकाशवाणीवर कृषी कार्यक्रम ऐकणाऱ्यांना ही रीत लगेच कळेल.

दुसरे असे की तास लांबवायचा नाही. दहा मिनिटे सांगायचे, मग एक आकडा काढायला लावायचा. सगळ्यांनी उत्तर लिहून ठेवायचे आणि "पाठवा" म्हटले की एकदम पाठवायचे. वीस जणांचे उत्तर शंभरपटीने चुकले तर मास्तरला तिथेच कळते की मीटरचे सेंटीमीटर करताना घोळ झालाय. "समजलं का?" विचारून हे कधीच कळले नसते. प्रश्न विचारल्यावर थोडे गप्प राहावे लागते. नव्या मास्तरला ती दहा सेकंदांची शांतता खायला उठते आणि तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. पारावर प्रश्न टाकून बिडी संपेपर्यंत वाट बघणारा आमच्या खात्यातला जुना कृषी सहायक या बाबतीत कुणाही प्राध्यापकाला भारी पडेल.

ही वाट जुनीच आहे

दुरून शिकवणे काल-परवा सुरू झाले असे समजू नका. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून पाच मराठी भाषक जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग केला होता. गावातली दहा-वीस माणसे एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, नंतर त्यावर चर्चा करत आणि त्यांचे प्रश्न केंद्राला पाठवले जात. पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. जिथे नुसता रेडिओ होता त्या गावांपेक्षा जिथे मंडळ बसून चर्चा करत होते, तिथल्या लोकांच्या माहितीत कितीतरी जास्त भर पडलेली त्याला आढळली. रेडिओ दोन्हीकडे तोच होता.

पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटाहून 'एज्युसॅट' हा खास शिक्षणासाठीचा उपग्रह सोडला गेला. त्याआधी २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून इंजिनिअरिंगच्या व्याख्यानांचा 'एनपीटीईएल' हा प्रकल्प सुरू केला. त्यातली व्याख्याने आजही कुणालाही फुकट बघता येतात. नव्या मास्तरांनी ती जरूर बघावीत आणि पोरांनाही दाखवावीत. पण एक ध्यानात घ्यावे. एवढ्या मोठ्या प्राध्यापकांचे व्याख्यान हाताशी असताना तेच पुन्हा आपण वाचून दाखवण्यात काय हशील? मग मास्तरचे काम उरते ते पोराच्या विहिरीचा आकडा तपासण्याचे, आणि ते व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकाला शक्य नाही.

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प याच दिशेचा. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज, आणि पद्धत अशी की धडा थोडा बघायचा, थांबवायचा, शेजारी तसेच स्वतः करून बघायचे. तो मुख्यतः संगणकाच्या कामासाठी आहे, पण त्याची रीत उचलण्यासारखी आहे. भाषेचेही तसेच. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने मराठीसह काही भारतीय भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली. माझ्या मते पुस्तक इंग्रजी असले तरी समजावणे मराठीत असावे. 'हेड लॉस' हा शब्द राहू द्या, पण पाइपात पाणी घासत जाते म्हणून दाब मरतो, हे मराठीत सांगितले की विहिरीवर वाढलेल्या पोराला दुसऱ्यांदा सांगावे लागत नाही.

जे दुरून होत नाही

आता उलटी बाजू. वेल्डिंग दुरून शिकवता येत नाही. लेथवर हात बसत नाही. ट्रॅक्टरचा गिअर बॉक्स उघडून पुन्हा बसवणे, काँक्रीटचा ठोकळा यंत्रात दाबून फोडणे, सर्वेक्षणाचे यंत्र मैदानात लावणे, यांना दुसरा इलाज नाही. आयआयटी दिल्लीच्या पुढाकाराने बारा संस्थांनी मिळून 'व्हर्च्युअल लॅब्स' तयार केल्या आहेत. संगणकाच्या पडद्यावर प्रयोग करता येतो, झडप फिरवली की आकडे बदलतात. प्रयोगाआधीची तयारी म्हणून त्या फार उपयोगी आहेत. पण तिथे गंजलेला बोल्ट नसतो, जळका वास येत नाही.

विजेच्या बाबतीत तर कडक राहिले पाहिजे. पोराने गृहपाठ म्हणून स्टार्टरचे झाकण उघडायचे नाही, वायरीला हात लावायचा नाही. असे काम कुणी मास्तरने दिले तर बापाने सरळ कॉलेजात फोन करावा. मोटारीचा पत्रा वाचणे, बिलावरची युनिटे लिहिणे, बॅरल भरणे इतपत ठीक. विहिरीच्या काठावर एकटे जाऊ नये, हे वेगळे सांगायला नको.

२०२० ते २०२२ मध्ये शिकलेल्या पोरांची कित्येक प्रात्यक्षिके वहीत भरली गेली आणि हाताला लागली नाहीत. त्यातली काही पोरे आज कारखान्यात, काही ठिबक कंपनीत कामाला आहेत. कोणाचे शिक्षण कच्चे राहिले असे ठरवून टाकणे बरोबर नाही, बरीचशी कामावर शिकली. तरी ज्यांना अजून पंप उघडायची भीती वाटते त्यांनी लाजू नये. तालुक्याच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात महिनाभर बसावे, ती फुकटची प्रयोगशाळा आहे.

आणखी एक इशारा पालकांसाठी. "घरबसल्या इंजिनिअरिंगची डिग्री" अशा जाहिराती दिसतात. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक मोठा निकाल दिला. ओरिसाच्या उपसा सिंचन महामंडळातल्या कर्मचाऱ्यांच्या बढतीवरून ते प्रकरण वर गेले होते. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता न घेता पत्राद्वारे दिलेल्या इंजिनिअरिंगच्या पदव्या न्यायालयाने ग्राह्य धरल्या नाहीत. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षेची संधी मिळाली, त्यानंतरच्यांच्या पदव्या रद्द झाल्या. तेव्हा एखाद-दुसरा विषय दुरून शिकणे वेगळे आणि सगळी पदवीच दुरून घेणे वेगळे. पैसे भरण्याआधी मान्यतेचे पत्र बघा, आणि समजत नसेल तर तंत्रनिकेतनातल्या प्राचार्यांना दाखवा.

ग्रामपंचायतीला काय करता येईल

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, त्यांच्या हातात बरेच आहे. 'भारतनेट' योजनेतून ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आणण्याचे काम २०११ च्या मंजुरीपासून चालू आहे. ज्या गावात ती तार पोचली आहे आणि चालू आहे, तिथे ग्रामपंचायतीची एक खोली संध्याकाळी दोन तास पोरांना उघडून देता येईल. चार खुर्च्या, एक मोठा पडदा नाहीतर जुना टीव्ही, आणि किल्ली सांभाळणारा एक जबाबदार मुलगा. तेवढ्याने १९५६ च्या मंडळासारखे काम होते. पाच-सहा पोरे एकत्र बसून तास ऐकतात आणि नंतर आपसात भांडत का होईना, चर्चा करतात. वेगवेगळ्या कॉलेजची असली तरी पंप आणि ड्रॉइंग सगळीकडे तेच.

खोलीत एक पेटी ठेवावी. त्यात तीस मीटरचा टेप, स्टॉपवॉच असलेला एखादा जुना मोबाईल, मिस्त्री वापरतो ती पाण्याची लेव्हल नळी, एक लिटरचे मोजपात्र, ठिबकचा दाब मोजायचे छोटे मीटर आणि एक वही एवढे असले तरी पुष्कळ झाले. खर्च फार नाही, वर्गणीतूनही होईल. वहीत गावातल्या विहिरींचे आकडे तारखेसह लिहीत जावे. कुणाची मोटार किती पाणी देते, उन्हाळ्यात पातळी किती खाली गेली, कुणाच्या शेवटच्या ड्रीपरला किती पाणी पडते. पोरांचा गृहपाठ होईल आणि पुढच्या ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की आकडे हाताशी असतील.

ज्या मास्तरला अशी वही आपल्या वर्गासाठी हवी असेल त्याने आपल्या विद्यार्थ्यामार्फत गावाशी बोलावे. पाण्याची पातळी मोजायला मार्च ते मे हा काळ चांगला. तेव्हा सत्रही चालू असते आणि विहिरीवर प्रत्येक मोटार खरोखर किती उचलते ते उघडे पडते. ज्या आठवड्यात शेतीची वीज दिवसा असेल त्याच आठवड्यात हे काम लावावे. रात्रीच्या पाळीत पोरांना विहिरीवर धाडू नये.